इन्व्हर्टर घेण्याआधी वही घ्या

पावसाळा तोंडावर आला की आमच्या कृषी खात्याच्या माणसाला गावात दोन प्रश्न ठरलेले असतात. भाताचे बियाणे कधी येणार आणि खताचे काय. गेली काही वर्षे त्यात तिसऱ्या प्रश्नाची भर पडली आहे. "साहेब, इन्व्हर्टर कुठला घेऊ? का सरळ जनरेटरच घेऊन टाकू?" आगाशी, नंदाखाल, भुईगाव, गास, निर्मळ या पश्चिम पट्ट्यात फिरा किंवा हायवे ओलांडून शिरसाड, पारोळकडे जा, प्रश्न तोच. आता मी काही विजेचा माणूस नाही. कृषी पदविका घेतलेला, मोगऱ्याच्या छाटणीवर आणि भाताच्या करप्यावर बोलणारा माणूस. पण मोटार, स्टार्टर, ठिबकचा पंप, सौर पंप यांच्याशी रोजचा संबंध येतो आणि वायरमन मंडळींशी उठबस असते. त्यातून जे कळले आणि जे पटले, ते इथे मांडतो.

माझे म्हणणे एवढेच, की आपल्याकडे लोक आधी यंत्र घेतात आणि मग त्यावर काय काय चालते ते बघत बसतात. हा उलटा कारभार झाला. बी घेण्याआधी आपण जमीन बघतो, पाणी बघतो, मग वाण ठरवतो. वीस-पंचवीस हजारांची वस्तू घरात आणताना तेवढा विचार का करू नये?

वीज जाते ती तीन तऱ्हांनी

पहिली तऱ्हा रोजच्या ओळखीची. नारळाची झावळी तारेवर पडली, डीपीवरचा फ्यूज उडाला, पहिल्या सरीला फीडर बसला. अर्ध्या तासात, फार तर दोन-तीन तासांत वीज परत येते. चिडचिड होते, पण काही अडत नाही.

दुसरी तऱ्हा दिवसभराची. दुरुस्तीसाठी ठरवून बंद ठेवतात ती, किंवा कुठेतरी लांब मोठा बिघाड होतो ती. १२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ आठवा. कळवा-पडघा भागातल्या उच्च दाबाच्या वाहिन्यांच्या बिघाडापायी मुंबईसकट महानगराचा मोठा भाग बंद पडला, लोकल जागच्या जागी थांबल्या. जिथे वीज कधी जात नाही असे म्हणत, तिथली ही गोष्ट. २८ एप्रिल २०२५ रोजी तर स्पेन आणि पोर्तुगाल हे दोन देश दुपारी एकदम बंद झाले आणि बऱ्याच भागांत रात्री उशिरापर्यंत वीज नव्हती. तेव्हा श्रीमंत देश, मोठे शहर म्हणून कुणाची सुटका नाही.

तिसरी तऱ्हा वादळाची आणि पुराची. तिचा अनुभव आपल्या वसईकरांना पुरेपूर आहे. जुलै २०१८ च्या पावसात वसई, नालासोपारा, विरार पाण्यात गेले. मिठागरांत अडकलेल्या माणसांना बाहेर काढावे लागले, गाड्या रुळांवर उभ्या राहिल्या. पाणी मीटरपर्यंत चढले की पुरवठा बंद ठेवण्यावाचून महावितरणला गत्यंतर नसते, कारण पाण्यात वीज सोडणे म्हणजे माणसे मारणे. मग १७ मे २०२१ चे तौक्ते. वादळ जमिनीला लागले ते गुजरातेत, पण जाताजाता त्याने आपल्या किनाऱ्याला असे झोडपले, की झाडे, खांब, तारा सगळे एका ठिकाणी पडले आणि वसईतल्या कित्येक वाड्यांना दोन-दोन, तीन-तीन दिवस अंधारात काढावे लागले. वर कोरोनाचा काळ, घरोघरी आजारी माणसे. केळी आडवी झाली ती वेगळीच.

यातली गंमत अशी, की देशातले पहिले अणुवीज केंद्र १९६९ साली आपल्याच तारापूरला सुरू झाले. डहाणूला औष्णिक केंद्र आहे. म्हणजे वीज तयार करण्याच्या बाबतीत पालघर जिल्हा काही मागासलेला नाही. पण वीज घरात येते ती कारखान्यातून उडी मारून येत नाही. ती उपकेंद्र, फीडर, डीपी, खांब, सर्व्हिस वायर अशी टप्प्याटप्प्याने येते आणि यातला शेवटचा मैल आपल्याकडे उघड्या तारांचा, आंब्या-चिंचेच्या फांद्यांतून गेलेला आहे. शेवटच्या मैलाला जे होते तेच आपल्या नशिबी येते.

हे सगळे सांगण्याचे कारण असे, की दुकानातला इन्व्हर्टर बहुतेक वेळा पहिल्या तऱ्हेसाठी विकला जातो आणि आपण तो तिसऱ्या तऱ्हेच्या भीतीने घेतो. मग वादळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो टीं टीं करून गप्प होतो आणि माणूस दुकानदाराला शिव्या घालतो. दुकानदाराची चूक असेल-नसेल, हिशेब आपणच केला नव्हता.

वहीतले तीन रकाने

म्हणून म्हणतो, आधी दहा रुपयांची वही घ्या. घरातल्या सगळ्यांना, विशेषतः घरातल्या बायकांना बरोबर घेऊन बसा, कारण वीज गेल्यावर काय अडते ते त्यांना जास्त ठाऊक असते. तीन रकाने पाडा. पहिल्यात लिहा, ज्यावाचून जीवाला धोका आहे. दुसऱ्यात, ज्यावाचून अडते. तिसऱ्यात, ज्यावाचून नुसते बरे वाटत नाही.

पहिल्या रकान्यात घरोघरी वेगळे निघेल. कुणाकडे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर असलेले वडील असतील, कुणाकडे दम्याचा नेब्युलायझर, कुणाकडे फ्रीजमध्ये ठेवायचे इन्सुलिन. बऱ्याच घरांत हा रकाना कोरा राहील. राहू द्या, देवाची कृपा समजा. दुसऱ्या रकान्यात दोन-तीन दिवे, रात्रीचा एखादा पंखा, मोबाईल आणि पाणी. तिसऱ्यात टीव्ही, मिक्सर, वॉशिंग मशीन, एसी. आता प्रामाणिकपणे बघा. आपल्यातले बरेच जण तिसऱ्या रकान्यासाठी पैसे मोजतात आणि पहिल्या रकान्याची सोय करायची विसरतात.

मग प्रत्येक वस्तूपुढे तिचे वॅट लिहा. वस्तूच्या मागे किंवा खाली छोट्या चिकटपट्टीवर ते छापलेले असतात. साधा एलईडी बल्ब ९ वॅटचा. जुना छताचा पंखा ७५ वॅटच्या आसपास. हल्ली बीएलडीसी म्हणून पंखे मिळतात ते ३० वॅटच्या आसपास. वायफायचा डबा १० वॅट, मोबाईल चार्जर तेवढाच. घरी वापरायचा पाच लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर मात्र ३०० ते ३५० वॅट खातो, आणि तोही सतत.

आता बॅटरीचा हिशेब. बाजारात सर्रास खपणारी बॅटरी १२ व्होल्टची, १५० एएचची. बारा गुणिले दीडशे म्हणजे १८०० वॅट-तास. पण हे आकडे कागदावरचे. बॅटरी तळापर्यंत रिकामी करायची नसते, केली तर तिचे आयुष्य घटते. शिवाय इन्व्हर्टरमध्ये काही वीज वाया जाते. म्हणून हातात ११०० वॅट-तास आले असे धरा. विहीर कितीही खोल असली तरी मोटारीच्या फूटव्हॉल्व्हपर्यंतचेच पाणी आपले, तसे हे आहे.

समजा चार दिवे, दोन जुने पंखे, वायफाय आणि एक मोबाईल असा भार ठेवला. तो होतो २०६ वॅट. इन्व्हर्टर स्वतः पंधरा-एक वॅट खातो, ते धरले तर सव्वादोनशेच्या आसपास. म्हणजे बॅटरी चालणार पाच तास. आता तेच दोन पंखे बदलून बीएलडीसी लावा. भार येतो १३० वर आणि तीच बॅटरी आठ तासांच्या पुढे जाते. आणखी आवरते घ्या. रात्री एकच पंखा, एकच दिवा आणि मोबाईल ठेवा, की सोळा-सतरा तास निघतात. म्हणजे दुसरी बॅटरी घेण्यापेक्षा पंखे बदलणे स्वस्तात पडते, आणि वीज असतानाही बिल कमी येते. हे दुकानदार आपण होऊन सांगत नाही, त्याला बॅटरी विकायची असते. त्याचा धंदा आहे, राग नाही.

बॅटरी कशी आणि कुठे

आपल्या घरांत ट्युब्युलर बॅटरी बरी. किंमत चपट्या प्लेटच्या बॅटरीपेक्षा जास्त, पण वारंवार रिकामी होणे ती सोसते. नीट निगा राखली तर चार-पाच वर्षे जाते. निगा म्हणजे काय, तर दोन-तीन महिन्यांनी पाण्याची पातळी बघायची आणि फक्त डिस्टिल्ड वॉटर घालायचे. नळाचे किंवा बोरचे पाणी घातले की बॅटरी मेली समजा, आणि आपल्या पश्चिम पट्ट्यातल्या बोरच्या पाण्याला आधीच खारटपणा. खाऱ्या हवेने टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड धरते. ती पुसून तिथे व्हॅसलिन लावून ठेवायचे.

लिथियमची बॅटरी आता मिळू लागली आहे. पाणी घालावे लागत नाही, हलकी असते, लवकर भरते आणि कितीतरी जास्त वेळा भरून-रिकामी करता येते. सुरुवातीची किंमत जास्त पडते. ज्यांच्याकडे वीज रोज जाते किंवा पहिल्या रकान्यात रुग्ण आहे, त्यांना ती हिशेबात बसेल. ज्यांच्याकडे महिन्यातून दोनदा तासभर जाते, त्यांनी कशाला त्या फंदात पडावे?

जागेचा विचार वसईत वेगळा करावा लागतो. साधी बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू सोडते, तो पेट घेणारा असतो. तेव्हा ती बंद कपाटात, देवघराखाली समईजवळ किंवा गॅसच्या शेगडीच्या बाजूला नको. हवा खेळती पाहिजे. आणि जमिनीवर तर नकोच नको. तुमच्या घरात २००५ ला किंवा २०१८ ला पाणी कुठवर चढले होते ती खूण भिंतीवर असेल, नसेल तर घरातल्या मोठ्यांना विचारा. त्या खुणेच्या वर किमान हातभर उंच असे मजबूत लोखंडी स्टँड करून घ्या. पुरासाठी घेतलेला इन्व्हर्टर पहिल्याच पुरात बुडाला, तर सांगायचे कुणाला? पूर्वी वाड्यावाड्यांतली बावखले पावसाचे पाणी पोटात घ्यायची. आपण ती कित्येक ठिकाणी बुजवली. आता पाणी आपल्या ओसरीवर येणार, हे धरूनच चालले पाहिजे.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊन टाकू नका. तिच्यात शिसे आणि आम्ल असते, ते वाडीच्या मातीत सांडले तर पिढ्यांचे नुकसान. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. दुकानदार जुनी बॅटरी घेऊन किमतीत सूट देतो, ती मागून घ्या.

पाण्याचे काय?

माझ्या मते आपल्या भागातला खरा प्रश्न दिव्याचा नसून पाण्याचा आहे. अंधारात माणूस बसू शकतो, तहानलेला बसू शकत नाही. विरारच्या टॉवरमध्ये राहणारा असो की वाघोलीच्या वाडीत, पाणी वर चढते ते मोटारीने. आणि साध्या घरगुती इन्व्हर्टरवर मोटार चालत नाही, हे आधी ध्यानात घ्या. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, प्रत्यक्षात मोटार ओढते त्याहून जास्त, आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या कित्येक पट ओढते. इन्व्हर्टर तिथेच मान टाकतो.

मग उपाय? उपाय जुनाच आहे. टाकी मोठी करा आणि भरलेली ठेवा. हजार-दोन हजार लिटरची उंचावरची टाकी हीसुद्धा एक बॅटरीच आहे, फरक एवढाच की तिला डिस्टिल्ड वॉटर लागत नाही आणि तिचे आयुष्य वीस वर्षे आहे. हवामान खात्याचा इशारा आला की आधी टाकी, पिंप, कळशा भरा, मग मोबाईल चार्जिंगला लावा. विहिरीवरचा रहाट गेला, त्याबरोबर दोर आणि पोहराही गेला. निदान दोर-पोहरा तरी घरात ठेवायला हरकत नाही. बाहेरचे लोक हसतील, हसू द्यात.

मोगरा, भाजीपाला, पानवेल लावणाऱ्या बंधूंना वेगळे सांगतो. पावसाळ्यात एक-दोन दिवस पंप बंद राहिला तर पिकाचे काही बिघडत नाही. बिघडते ते उन्हाळ्यात, आणि त्यासाठी घरचा इन्व्हर्टर उपयोगाचा नाही. सौर पंपाच्या सरकारी योजना आहेत, त्यांत सर्वसाधारण शेतकऱ्याला किमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के भरावे लागतात. त्याची चौकशी करा. घराची वीज आणि शेताची वीज हे दोन हिशेब वहीत वेगवेगळ्या पानांवर ठेवा.

जनरेटर: काम करतो, जीवही घेतो

जनरेटर वाईट नाही. मोटार, फ्रीज, कॉन्सन्ट्रेटर सगळे तो ओढतो. पण त्याला रोज खायला लागते. दोन केव्हीएचा पेट्रोलवरचा छोटा जनरेटर भारानुसार तासाला लिटरभराच्या आसपास पेट्रोल पितो. दिवसाला आठ तास धरले तर दोन दिवसांत सोळा लिटर, आणि लिटरचा भाव शंभरीपार. पैसे असले तरी वादळानंतर पेट्रोल पंपावर रांग असते, आणि पंपालाही वीज लागते हे लोक विसरतात. बरे, घरात कॅनमध्ये पेट्रोल साठवणे म्हणजे बॉम्ब साठवणे.

यापेक्षा गंभीर गोष्टी दोन आहेत. पहिली धुराची. जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साईड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला झोप आल्यासारखे वाटते आणि तो उठतच नाही. पाऊस आहे म्हणून पडवीत, जिन्याखाली, बंद गॅलरीत जनरेटर लावू नका. घराबाहेर, खिडक्या-दारांपासून लांब, वर छप्पर पण चारी बाजू उघड्या, अशीच जागा हवी.

दुसरी गोष्ट सांगताना मला राग येतो, म्हणून स्पष्ट सांगतो. काही लोक जनरेटरची वायर दोन्ही टोकांना पिन लावून सरळ भिंतीतल्या सॉकेटात खुपसतात. घर उजळते खरे. पण मेनस्विच बंद केलेला नसला तर तीच वीज मीटरमधून उलटी बाहेर जाते, डीपीमध्ये उलट्या बाजूने चढून हजारो व्होल्ट होते, आणि लाईन बंद आहे अशा समजुतीने खांबावर चढलेल्या वायरमनला लागते. तो बिचारा आपल्याच घरची वीज जोडायला भरपावसात आलेला असतो. त्याच्याही घरी पोरेबाळे आहेत. यावर उपाय चेंजओव्हर स्विचचा. एका वेळी एकतर महावितरणची वीज घरात येईल किंवा जनरेटरची, दोन्ही कधीच नाही. परवानाधारक वायरमनकडून तो बसवून घ्या. थोड्या हजारांचा खर्च आहे. तेवढा करायचा नसेल तर जनरेटर घेऊ नका, अशा मताचा मी आहे. त्याच वेळी घराचे अर्थिंग तपासा आणि ३० मिलीअँपिअरचा ईएलसीबी बसवा. ओल्या भिंतींच्या आपल्या घरांत तो जीव वाचवतो.

छपरावरचे सौर पॅनेल आणि मोठा गैरसमज

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राची पीएम सूर्यघर योजना सुरू झाली. एका किलोवॅटला ३०,०००, दोनला ६०,००० आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान. एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिटच्या आसपास वीज देते. बिल कमी करायला योजना उत्तम आहे, जमेल त्याने जरूर घ्यावी.

पण एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. या योजनेतली नेहमीची सौर यंत्रणा महावितरणच्या लाईनला जोडलेली असते, आणि बाहेरची वीज गेली की ती आपोआप बंद पडते. भर दुपारी, कडक उन्हातसुद्धा. हा बिघाड नाही, ती तशीच बनवलेली असते, कारण वर सांगितलेला खांबावरचा वायरमन. म्हणजे छपरावर दोन लाखांची पॅनेल आणि खाली घरात मेणबत्ती, असे चित्र दिसू शकते. वीज गेल्यावरही सौर वीज हवी असेल तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. त्याचा खर्च वेगळा, आणि बॅटरीवर या योजनेत अनुदान नाही. पॅनेल बसवणाऱ्याला पैसे देण्याआधी एकच प्रश्न विचारा. "बाहेरची लाईट गेल्यावर हे चालणार का?" उत्तर कागदावर लिहून घ्या.

माझे मत असे, की किनारपट्टीच्या तालुक्यांसाठी सरकारने या बॅटरीचा विचार करावा. वाळवंटातल्या जिल्ह्याला आणि वादळाच्या वाटेवरच्या वसईला एकच माप लावणे बरोबर नाही. सगळ्यांना द्या असेही मी म्हणत नाही. ज्या घरात प्राणवायूवरचा रुग्ण आहे आणि ज्या इमारतीत आरोग्य उपकेंद्र आहे, तिथून सुरुवात करता येईल.

एकट्याचे की सगळ्यांचे?

आता थोडे कडू बोलतो. घरोघरी इन्व्हर्टर आले आणि आपली एक सवय गेली. पूर्वी वीज गेली की आळीतली चार माणसे मिळून ऑफिसात जात, अर्ज देत. मी पदविका शिकत असताना राज्यात भारनियमन जोरात होते, तेव्हा मोर्चेही निघत. आता वीज गेली की ज्याच्या घरात इन्व्हर्टर तो पंख्याखाली बसून राहतो आणि ज्याच्याकडे नाही त्याची तक्रार एकट्याची पडते. मिठागरातला मजूर, भाड्याच्या खोलीतले कुटुंब, पाड्यावरची म्हातारी यांच्यासाठी बोलणारे कुणी उरत नाही. इन्व्हर्टर घ्या, पण त्याबरोबर आवाज विकू नका.

तक्रार १९१२ या क्रमांकावर नोंदवा आणि नोंदणी क्रमांक वहीत लिहून ठेवा. वीज किती वेळात सुरू व्हावी याच्या मुदती राज्य वीज नियामक आयोगाने ठरवून दिल्या आहेत आणि वीज कायदा २००३ प्रमाणे ग्राहकाला भरपाई मागता येते. वादळ-पुरात यातून सूट मिळते हे खरे, पण रोजच्या बिघाडाला ती सबब चालत नाही. मे महिन्यातच फांद्या छाटल्या की नाही, हे आपण विचारायला हवे. आणि आपल्या दारचा माड तारेत घुसला असेल तर तो छाटू द्यायलाही हवा. वायरमन कोयता घेऊन आला की भांडायचे आणि वीज गेली की पुन्हा भांडायचे, हे बरोबर नाही. अलिबागला चक्रीवादळ धोका निवारण प्रकल्पातून जमिनीखालून वीजवाहिन्या टाकल्या गेल्या. अर्नाळा, कळंब, राजोडीच्या किनाऱ्यावर हे का होऊ नये, असा ठराव आपल्या लोकप्रतिनिधींकडे धरून बसला पाहिजे.

आणि वाडीने मिळून एक गोष्ट करता येण्यासारखी आहे. प्रत्येकाने वेगळा जनरेटर घेण्यापेक्षा पंचवीस-तीस घरांनी मिळून एक बरा जनरेटर घ्यावा. तो समाजमंदिरात, चर्चच्या किंवा देवळाच्या आवारात, मच्छीमार सोसायटीच्या जागेत, उंचावर नीट बसवावा. त्याचे काम दोनच. दिवसातून दोनदा पाण्याची मोटार चालवणे, आणि ज्याला कॉन्सन्ट्रेटर किंवा नेब्युलायझर लागतो त्या रुग्णाला तिथे जागा देणे. बाकी सगळ्यांनी येऊन मोबाईल चार्ज करावेत. वर्गणी, पेट्रोलचा हिशेब, महिन्यातून एकदा चालवून बघणे, हे सगळे एका वहीत. आपल्याकडे सोसायट्या चालवण्याची परंपरा आहे, सहकार काही नवा नाही. मग हे का जमू नये?

शेवटी ज्यांना झटपट उत्तर हवे त्यांच्यासाठी. पैसे कमी असतील तर चार्जिंगचे दोन एलईडी बल्ब, एक पॉवर बँक, एक बॅटरी आणि मोठे पिंप, एवढ्यात गरीब घराची दोन रात्रींची सोय होते. मेणबत्ती मच्छरदाणीजवळ नको. मध्यम घराने आधी पंखे बदलावेत, मग १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी आणि शुद्ध साईन वेव्हचा इन्व्हर्टर घ्यावा. फ्रीज त्यावर लावू नये. दार न उघडता ठेवला तर चार-एक तास आतला गारवा टिकतो. इन्सुलिनसाठी त्यानंतर बर्फाचा डबा वापरावा, मात्र बाटली बर्फाला थेट टेकू देऊ नये, गोठलेले इन्सुलिन वाया जाते. घरात प्राणवायूवरचा रुग्ण असेल तर निव्वळ बॅटरीवर विसंबू नका. भरलेला सिलिंडर राखीव ठेवा आणि जवळच्या दवाखान्याशी आधीच बोलून ठेवा. वीज परत आली की दहा मिनिटे फ्रीज, टीव्ही बंदच ठेवा, पहिल्या झटक्यात दाब वरखाली होतो.

पेरणीची तारीख चुकली तर फार तर एक हंगाम जातो. वीज गेल्यावर जी धावपळ होते तिच्यात कधीकधी माणूस जातो. तेव्हा मृगाच्या आत भात पेरायच्या तयारीबरोबर ही वहीही भरून ठेवा, आणि शेजारच्या घरात भरली गेली का, तेही विचारून या.